आयसेक: काचेच्या इमारतीबद्दल तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते सगळं

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात दर वर्षी महाराष्ट्रातून पोरंपोरी येतात आणि ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. कोलंबस ॲव्हेन्यूवरची ती काचेची इमारत काय आहे, तिच्यात जायला मिळेल का, ती एवढी गाजते का. मी इथे मेकॅनिकल शिकायला आलो आणि आता लॅब-इमारतींच्या हवा-पाण्याची, म्हणजे एचव्हॅकची, कामं करतो. या इमारतीच्या बांधकामात माझा हात नव्हता. जाता-येता, धंद्यातल्या माणसाच्या नजरेने ती जेवढी कळली तेवढी इथे मांडतो. जिथे दुसरीकडे सविस्तर लिहिलं आहे तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय. हवेवरची उत्तरं लांबली आहेत. ते माझं पोटापाण्याचं काम आहे, समजून घ्या.

1. आयसेक म्हणजे नक्की काय? कॉलेज, डिपार्टमेंट की नुसती बिल्डिंग?

नुसती बिल्डिंग. पूर्ण नाव ‘इंटरडिसिप्लिनरी सायन्स अँड इंजिनिअरिंग कॉम्प्लेक्स’, आद्याक्षरं जोडून झालं आयसेक. 2017 मध्ये उघडली, सहा मजली आहे, क्षेत्रफळ सुमारे 2 लाख 20 हजार चौरस फूट. आराखडा बोस्टनच्याच पेयेट या वास्तुरचनाकार फर्मचा. इंजिनिअरिंग, मूलभूत विज्ञान, आरोग्यविज्ञान आणि संगणकशास्त्र अशा चार शाखांची माणसं तिथे एका छपराखाली बसतात. पूर्वी या जागेवर गाड्या लावायचं मोकळं मैदान होतं. आयसेकची डिग्री मिळत नाही आणि ॲडमिशनच्या पत्रावर तिचं नाव नसतं. तरी ‘मी आयसेकला आहे’ असं सांगणारे भेटतातच. त्यांच्यासाठी प्र. 15.

2. नकाशात कॅम्पसला चिकटून दिसते, पण चालत गेलो तर सापडली नाही. जायचं कसं?

मधे रेल्वेचे रूळ आहेत. जुना कॅम्पस रुळांच्या एका अंगाला, हंटिंग्टन ॲव्हेन्यूकडे, जिथून ग्रीन लाइनची ई शाखा जाते. आयसेक दुसऱ्या अंगाला, 805 कोलंबस ॲव्हेन्यू. ऑरेंज लाइनने येत असाल तर रगल्सला उतरा आणि कोलंबस ॲव्हेन्यूच्या बाजूने बाहेर पडा. ग्रीन लाइनने आलात तर कॅम्पस ओलांडून पादचारी पुलावरून जा. तो पूल 2019 मध्ये आला. त्याची गोष्ट प्र. 13 मध्ये आहे आणि ती वाचण्यासारखी आहे.

3. ‘इंटरडिसिप्लिनरी’ म्हणजे सगळ्या विषयांचं थोडं थोडं का?

आपल्याकडे याला आंतरविद्याशाखीय म्हणतात. बोलताना कोणी म्हणत नाही, कारण शब्द संपेपर्यंत चहा निवतो.

एक उदाहरण घेऊ. जखमेवर लावायची अशी पट्टी करायची आहे, जी आतला संसर्ग ओळखून फोनवर कळवेल. संसर्ग कशावरून ओळखायचा हे सूक्ष्मजीववाला सांगणार. त्या रेणूला प्रतिसाद देणारा थर केमिस्ट्रीवाला बनवणार. सिग्नल पकडणारं सर्किट इलेक्ट्रॉनिक्सवाला, आकड्यांतला गोंधळ निस्तरणं संगणकवाल्याकडे, आणि ‘ही पट्टी पेशंट दोन तासांत खाजवून काढून टाकेल’ हे सांगायला नर्सिंगमधलं माणूस लागणार. प्रत्येकाला आपापला विषय खोलवर यावाच लागतो. ज्याला सगळ्याचं थोडं थोडं येतं, त्याचा या टोळीला फारसा उपयोग नाही. नुसती आवळ्या-भोपळ्याची मोट बांधली तरी पट्टी बनत नाही. प्रश्न एक हवा आणि तो सगळ्यांना खरोखर नडलेला हवा.

4. मी एमएसला आहे. मला आत जाता येतं का?

तळाचा मोकळा भाग आणि सभागृह यांत अडचण नाही. सभागृहाला 280 आसनं आहेत आणि तुमचं एखादं लेक्चर तिथे लागूही शकतं. लॅबचं मात्र वेगळं आहे. कुठल्याही अमेरिकन विद्यापीठात लॅबचं दार उघडायला दोन गोष्टी लागतात: तिथल्या प्रोफेसरची परवानगी आणि सुरक्षेचं प्रशिक्षण. त्यानंतर तुमचं कार्ड त्या दाराला ओळखू लागतं. मित्राच्या कार्डाने आत जाऊ नका. काही सांडलं, पेटलं तर आत किती माणसं आहेत याचा हिशोब त्या कार्डांवरून लागतो.

5. मधल्या त्या वळणाच्या जिन्याचे सगळे फोटो काढतात. लिफ्ट असताना जिन्यावर एवढा खर्च कशाला?

आयसेकचा गाभा म्हणजे मधला उंच मोकळा चौक. वाड्यातला चौक डोळ्यांपुढे आणा, फक्त वर काच आणि उंची सहा मजल्यांची. त्यातून तो जिना वळत वर जातो. एका अंगाला लॅब, दुसऱ्या अंगाला बसायच्या जागा.

खर्चामागे एक जुना अभ्यास आहे. एमआयटीतल्या थॉमस ॲलन यांनी 1970 च्या दशकात इंजिनिअर एकमेकांशी कितीदा बोलतात हे मोजलं. टेबलांमधलं अंतर वाढेल तसं बोलणं झपाट्याने कमी होतं आणि 50 मीटरच्या पुढे जवळपास संपतं. मजला बदलला की आणखी पंचाईत, कारण वरच्या मजल्यावरचा माणूस मनाने शेजारच्या गावात राहतो. लिफ्टमध्ये माणसं फोनकडे बघतात. जिन्यावर समोरासमोर येतात, थांबतात, कठड्याला टेकतात. रुंद, उजेडाचा, सगळ्यांना दिसणारा जिना म्हणजे ते मजले एकमेकांच्या जवळ आणायचा प्रयत्न. तो किती साधतो ते प्र. 14 मध्ये.

6. लॅब काचेच्या आहेत. मग संशोधनातली गुपितं राहतात कशी?

काचेतून जे दिसतं त्यात गुपित फारसं नसतं. पांढरा कोट घातलेली मुलगी पिपेट धरून बसली आहे, एवढंच दिसतं. गुपित असतं वहीत, कॉम्प्युटरवर आणि बाटलीवरच्या लेबलात. शिवाय जिथे खरंच झाकायचं असतं, उदाहरणार्थ कंपनीशी करार असलेलं काम, ते आतल्या बंद खोल्यांत चालतं.

काचेचे दोन फायदे मला पटतात. पहिला, कोणाकडे कुठलं यंत्र आहे हे चालता चालता कळतं. दुसरा सुरक्षेचा: आत कोणी कोसळलं तर बाहेरच्याला दिसतं. तोटाही आहे. आत काम करणारी पोरं म्हणतात, प्राणिसंग्रहालयात बसल्यासारखं वाटतं. कॅम्पस बघायला आलेल्या पालकांचे घोळके काचेला नाक लावून बघत असतील तर तसं वाटणारच.

7. बाहेरून त्या तपकिरी उभ्या पट्ट्या आहेत, त्या शोभेच्या का?

शोभेच्याही आहेत, पण काम उन्हाचं करतात. कांस्यासारखा रंग दिलेल्या ॲल्युमिनियमच्या त्या पट्ट्या ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधी अडवतात. ऊन काचेतून आत आलं की पडदा ओढून फारसा उपयोग नसतो, उष्णता तोवर घरात शिरलेली असते. ही गोष्ट आपल्या आजीला ठाऊक होती, म्हणून ती वाळ्याचा पडदा खिडकीच्या बाहेरून सोडायची.

8. लॅबची बिल्डिंग एवढी वीज का खाते? ऑफिसांनाही एसी असतोच की.

ऑफिसातली हवा बरीचशी फिरवून वापरतात. खोलीतली हवा ओढायची, थोडी ताजी मिसळायची, थंड करून परत सोडायची. लॅबमध्ये हे चालत नाही. तिथल्या हवेत काय मिसळलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून ती थेट छपरावरून बाहेर फेकायची आणि तेवढीच नवी बाहेरून घ्यायची. तासाला सहा ते बारा वेळा सगळी हवा बदलणं हे लॅबमध्ये नेहमीचं आहे.

आता जानेवारीतलं बोस्टन आठवा. बाहेर उणे 10 अंश, आत हवे 21. तुम्ही 31 अंशांनी तापवलेली हवा दहा मिनिटांत बाहेर टाकताय आणि नवी तापवायला घेताय, दिवसरात्र.

त्यात फ्यूम हूड. काचेचं सरकतं दार असलेलं ते कपाट, ज्यात वाफा येणारी कामं करतात. दारातून हवा मिनिटाला साधारण 100 फूट वेगाने आत ओढली जाते. दार अर्धं उघडं ठेवलं तर मिनिटाला 750 घनफूट हवा सहज जाते. गावाकडची 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट धरली, तर तिच्यातली सगळी हवा हे एक कपाट दोन मिनिटांच्या आत गिळतं. एक हूड वर्षाला तीनेक अमेरिकन घरांइतकी ऊर्जा खातो, असं आमच्या धंद्यात म्हणतात. म्हणून प्रत्येक लॅबमध्ये ‘काच खाली करा’ अशी चिठ्ठी लावलेली असते. ती खरंच करा. मी एचव्हॅकवाला म्हणून सांगतोय असं नाही. उघड्या काचेमागे उभं राहणं तुमच्याही तोंडाला चांगलं नाही.

9. आयसेकमध्ये एकच हवा दोनदा वापरतात असं ऐकलं. म्हणजे आम्हाला उष्टी हवा?

हा प्रश्न एका नाशिकच्या मुलीने असाच विचारला होता. मला इतका आवडला की शब्द बदलला नाही.

उष्टी खरी, पण उलट दिशेने. ताजी हवा आधी बसायच्या जागांना आणि मधल्या चौकाला देतात. तिथे माणसं बसून टाइप करतात, कॉफी पितात, त्यामुळे ती हवा फार बिघडत नाही. तीच हवा पुढे लॅबकडे पाठवतात. लॅबला तर बाहेर फेकायला भरपूर हवा लागतेच (प्र. 8). मग ती छपरावरून निघून जाते. लॅबमधली हवा बसायच्या जागेत कधीच येत नाही. पाणी टंचाईच्या गावात भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालतात, त्यातला हा प्रकार. झाडांचं पाणी कोणी भाज्यांना घालत नाही.

यातली मेख अशी की एरवी ऑफिसाच्या भागाला एक यंत्रणा आणि लॅबला दुसरी, दोघांची हवा वेगवेगळी तापवायची किंवा गार करायची. इथे एकदा तयार केलेली हवा दोन ठिकाणी कामाला येते. शिवाय लॅब आपोआप चौकापेक्षा कमी दाबाला राहते. वारा नेहमी चौकाकडून लॅबकडे वाहतो आणि वास उलटा येत नाही. नेहमीच्या संशोधन इमारतीच्या तुलनेत ऊर्जा 75 टक्क्यांनी कमी लागेल, असं रचनाकारांचं गणित आहे. लोक जिन्याचे फोटो काढतात. माझ्या मते या इमारतीतली सगळ्यात हुशार गोष्ट फोटोत येतच नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. क्लीनरूममध्ये दाबाचं उलटं असतं. तिथे धूळ आत यायला नको, म्हणून आतला दाब जास्त आणि वारा आतून बाहेर. ‘लॅब म्हणजे कमी दाब’ असं पाठ करून इंटरव्ह्यूला गेलात तर इथे फसाल.

10. फ्यूम हूड आणि बायोसेफ्टी कॅबिनेट एकच ना? दिसतात तर सारखीच.

नाही, आणि ही चूक महागात पडते. फ्यूम हूड हवा ओढून बाहेर फेकतो. तो तुम्हाला वाफांपासून वाचवतो, तुमच्या नमुन्याला मात्र नाही. खोलीतली धूळ, जंतू नमुन्यावरूनच आत जातात. बायोसेफ्टी कॅबिनेट हवा गाळून नमुन्यावर सोडतं, म्हणजे पेशीही वाचतात आणि तुम्हीही. पण त्याचा फिल्टर कण अडवतो, वाफा नाही, आणि नेहमीच्या प्रकारांत बरीच हवा आतच फिरते. त्यात सॉल्व्हंटची बाटली उघडून बसलात तर वाफ साचत जाते. केमिस्ट्रीवाले आणि बायोलॉजीवाले शेजारी शेजारी आले की हा घोटाळा पहिल्या महिन्यात एकदा तरी होतो.

11. आमच्या प्रोफेसरना वरच्या मजल्यावर जागा मिळाली, पण रसायनं ठेवायला बंधनं का?

आगीमुळे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय बिल्डिंग कोड आधाराला धरतात. त्याचा सर्वसाधारण तक्ता म्हणतो की ज्वालाग्राही रसायनांचा जो साठा तळमजल्यावर एका विभागात पूर्ण चालतो, तो दुसऱ्या मजल्यावर 75 टक्के, तिसऱ्यावर 50 टक्के, आणि चौथ्या ते सहाव्यावर फक्त साडेबारा टक्के. म्हणजे रुपयातले दोन आणे. अग्निशमनवाल्यांच्या शिड्या, पाण्याचा दाब, माणसं उतरायला लागणारा वेळ, सगळं उंचीबरोबर कठीण होतं. मजले मोजायची अमेरिकन रीत लक्षात ठेवा: इथला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला.

विद्यापीठांनी या तक्त्याबद्दल खूप कुरकुर केली, कारण शिकवण्याच्या लॅब वरच्या मजल्यांवर ठेवणंच अवघड झालं. 2018 च्या आवृत्तीत उच्च शिक्षणातल्या प्रयोगशाळांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि थोडी मोकळीक मिळाली. तरी नियम एकच धरा: जेवढं आठवड्याला लागतं तेवढंच मागवा. स्वस्त पडतं म्हणून डबाभर घेणं ही आपली सवय इथे चालत नाही.

12. शेजारून दिवसभर गाड्या धावतात. मायक्रोस्कोप हलत नाहीत?

हलतात, म्हणूनच त्याचा विचार पायापासून करावा लागतो. माणसाला जेमतेम जाणवणारी थरथर सेकंदाला 100 मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. सगळ्यात नाजूक यंत्रांना सेकंदाला 3 मायक्रोमीटरच्या पुढे चालत नाही. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवत नसतानाही यंत्राच्या दृष्टीने भूकंप चाललेला असतो. अशी यंत्रं खालच्या मजल्यावर, जाड काँक्रीटवर आणि जमेल तितकी रुळांपासून लांब ठेवतात. वरचे मजले सभागृहाच्या व्यासपीठासारखे असतात, चालणाऱ्याच्या पावलानेही दणदणतात.

यात एक छुपी भानगड आहे, चुंबकीय क्षेत्राची. ऑरेंज लाइन तिसऱ्या रुळातून एकदिश वीज घेते. गाडी सुटली, थांबली की तो प्रवाह बदलतो आणि आसपासचं चुंबकीय क्षेत्रही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपातला झोत त्याने हलतो. काँक्रीट कितीही जाड केलं तरी याला उपाय नाही. त्यासाठी अंतर लागतं, धातूचं आवरण लागतं, नाहीतर उलटं क्षेत्र तयार करणारी वेटोळी. कुठल्याही शहरात रुळांजवळच्या लॅबमध्ये ‘दिवसा चित्र धूसर, रात्री एकनंतर स्वच्छ’ अशी तक्रार आली तर आधी गाड्यांचं वेळापत्रक बघावं.

13. पूल एवढा मोठा आणि वळणदार का? आणि रूळ मुळात कॅम्पसच्या मधोमध कसे?

रूळ आधीचे, विद्यापीठ नंतर पसरलं. नॉर्थईस्टर्न 1898 मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या संध्याकाळच्या वर्गांतून सुरू झालं आणि पुढे हंटिंग्टनच्या बाजूला वाढलं. पण ती खरी गोष्ट 1960 च्या दशकातली आहे. या पट्ट्यातून आठपदरी वगैरे महामार्ग शहरात न्यायचा बेत होता आणि त्यासाठी रॉक्सबरी, जमैका प्लेन भागांत घरं, दुकानं पाडायला सुरुवातही झाली. लोक रस्त्यावर उतरले. गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी 1970 मध्ये काम थांबवलं आणि पुढे महामार्ग रद्दच केला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात रेल्वे खाली चरातून गेली, ऑरेंज लाइन 1987 मध्ये तिथे आली आणि बाजूने लांबलचक बाग झाली.

महामार्ग टळला तरी चर राहिली, आणि चरीच्या दोन बाजू दोन वेगळ्या शहरांसारख्या राहिल्या. आयसेक पलीकडे बांधल्यावर पोरांना वळसा घालायला लागायचा, म्हणून पूल. ऑरेंज लाइन, लोकल गाड्या आणि ॲमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाड्या या सगळ्यांवरून तो जातो. वळण आणि लांबी चढ सौम्य ठेवण्यासाठी आहे, व्हीलचेअर न अडखळता गेली पाहिजे. पोलाद मुद्दाम गंजून तांबूस होणारं आहे. वरचा गंजाचा थरच आतल्या लोखंडाला राखतो. ‘नवीन पूल आणि आत्ताच गंजला’ असे फोटो मला पाठवू नका, दर वर्षी येतात.

या इमारतीबद्दल रॉक्सबरीतल्या लोकांचं मत विचाराल तर ते एकसारखं नाही. रॉक्सबरी ही बोस्टनमधल्या कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. पूल दोन्ही बाजूंनी खुला आहे, हे चांगलं. पण विद्यापीठ पलीकडे पसरलं की विद्यार्थी तिकडे भाड्याने राहू लागतात आणि जुन्या भाडेकरूंना परवडेनासं होतं. तुम्ही चौघं मिळून जी खोली घेताय ती कोणीतरी याच कारणाने सोडलेली असू शकते. पुण्यात कॉलेजांच्या आसपास असंच झालेलं तुम्ही पाहिलं असेल.

14. खरं सांगा, अशी बिल्डिंग बांधून संशोधनातलं सहकार्य वाढतं का? की नुसती जाहिरात?

वाढतं, असा चांगला पुरावा पॅरिसमधून आहे. तिथल्या जुसियू कॅम्पसमध्ये ॲस्बेस्टॉस काढायचं होतं, म्हणून वर्षानुवर्षं लॅब इकडून तिकडे हलवाव्या लागल्या. कोण कोणाच्या शेजारी जाईल हे मोकळी जागा कुठे आहे यावर ठरत होतं. म्हणजे आवडीने शेजारी आलेल्यांचा प्रश्न आपोआप मिटला. ख्रिस्तियान कातालिनी यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की एका इमारतीत आलेल्या लॅबनी एकत्र काम करण्याची शक्यता साडेतीन पटीने वाढली.

पण त्यासाठी काच आणि जिना लागतोच का? एमआयटीची 20 नंबरची इमारत आठवा. 1943 मध्ये रडारच्या कामासाठी घाईघाईत बांधलेली लाकडी तात्पुरती शेड, आकाराने साधारण आयसेकएवढीच. युद्ध संपल्यावर पाडायची होती, ती 1998 पर्यंत उभी राहिली. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की तिथे, ध्वनीवर काम करणारे तिथे, रेल्वेची मॉडेलं बनवणारा विद्यार्थ्यांचा क्लब तिथे. गळायची, उन्हाळ्यात भट्टी व्हायची. पण कोणालाही न विचारता भिंतीला भोक पाडता यायचं. अणुघड्याळासाठी जागा उंच हवी होती तेव्हा मधल्या तक्तपोशीच काढून टाकल्या.

माझं मत असं: जवळ आणणं हे इमारतीचं काम, आणि ते आयसेक बरं करते. पण 225 दशलक्ष डॉलरच्या इमारतीत भिंतीला भोक कोण पाडू देणार? स्टॅनफर्डच्या क्लार्क सेंटरमध्ये, 2003 ची ती इमारत, यावर उपाय म्हणून टेबलं चाकांवर ठेवली. तो मला मधला बरा रस्ता वाटतो.

15. मी मेकॅनिकलचा, काम करतोय बायोवाल्यांच्या लॅबमध्ये. डिग्री कुठली मिळणार? आणि गाइड कोण?

डिग्री तुम्ही ज्या डिपार्टमेंटला दाखल झालात त्याची. बसायची जागा बदलली म्हणून ती बदलत नाही. पेच गाइडचा असतो. लॅबचे प्रोफेसर दुसऱ्या डिपार्टमेंटचे असतील तर तुमच्या डिपार्टमेंटमधले एक सहगाइड लागू शकतात आणि थीसिसचे क्रेडिट कुठल्या कोर्स नंबरखाली धरायचे हे आधी ठरवावं लागतं. हे सगळं पहिल्या सेमिस्टरमध्ये, लेखी, ईमेलवर. ‘सर हो म्हणालेत’ हे रजिस्ट्रारच्या ऑफिसात चालत नाही. आरएचे, म्हणजे संशोधन-सहायकाच्या कामाचे, पैसे कोणाच्या ग्रँटमधून येतात तेही विचारा. को-ऑपला, म्हणजे शिकता शिकता कंपनीत पगारी कामाला, जायचं असेल तर ती तारीख आणि लॅबचं काम आधीच जुळवून घ्या, मागाहून तोंडघशी पडायला होतं.

16. एका मजल्यावर तीन ग्रुप. फ्रीज, यंत्र, सिंक कोणाचं?

कागदावर सगळ्यांचं, म्हणजे साफ करायला कोणाचंच नाही. मी शिकत असताना, वेगळ्या विद्यापीठातल्या एका सामायिक लॅबमध्ये, उणे 80 अंशांचा फ्रीज बर्फाने इतका भरला की दार लागेना. तीन ग्रुप, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा बघेल. शेवटी अलार्म वाजला तो दिवाळीच्या रात्री, आणि मी हातात फराळाचा डबा घेऊन तिथे पोचलो. कोणाचे तरी दोन वर्षांचे नमुने गेले. कोणाचे ते मी इथे लिहीत नाही.

सामायिक लॅब नीट चालते ती पगारी लॅब-मॅनेजर असेल तिथे. तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा काच-बिच राहू द्या. मॅनेजर कोण आहे ते विचारा आणि फ्रीजच्या दारावर यादी लावलेली आहे का ते बघा.

17. ईएक्सपी आणि आयसेक एकच का?

वेगळ्या, शेजारी शेजारी. ईएक्सपी 2023 मध्ये उघडली, तीही पेयेटचीच, आठ मजली आणि आकाराने बरीच मोठी, सुमारे 3 लाख 57 हजार चौरस फूट. रोबोटिक्स आणि स्वतः काही बनवायच्या कार्यशाळा तिकडे. ‘मेकरस्पेस कुठे?’ विचारणाऱ्यांनी आयसेकचा नाद सोडून तिकडे जावं.

18. आपल्याकडे असं काही आहे का?

तशीच इमारत शोधायला गेलात तर हिरमोड होईल, पण विचार आपल्याकडे जुना आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) इमारतीचं उद्घाटन 1962 मध्ये नेहरूंनी केलं, आणि गणित, भौतिक, जीवशास्त्र तिथे एका आवारात वाढलं. पुण्यात जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभी केलेली आयुका, चार्ल्स कोरियांनी रचलेली, फक्त खगोलाची आहे. तरी चौकातल्या कुंडाच्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारायची सोय आयसेकच्या जिन्याआधी कितीतरी वर्षं तिथे होती. यंत्रं वाटून वापरण्याचं म्हणाल तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने 2006 पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्ससाठी ते केलं आहे.

19. मी आई आहे. मुलगी रात्री एक वाजता लॅबमध्ये आहे म्हणते. हे बरोबर आहे का? सुरक्षित आहे का?

काकू, पेशींना घड्याळ कळत नाही. ठरावीक तासांनी त्यांचं खाद्य बदलावं लागतं, आणि महागडी यंत्रं दिवसा बुक झालेली असतात. त्यामुळे रात्रीचं काम खोटं नाही. लॅबमध्ये कार्डाशिवाय कोणी शिरत नाही आणि विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस आहेत. घातक रसायनांशी एकटीने काम करू नये हा नियम बहुतेक लॅबमध्ये असतो. तो तिथे पाळतात का, हे तिला जरूर विचारा. डोळे धुवायचा नळ दहा सेकंदांत गाठता येईल इतका जवळ असायला हवा आणि डोळ्यात काही गेलं तर पंधरा मिनिटं धुवायचं, हे तिला न अडखळता सांगता आलं तर निम्मी काळजी सोडा. परतताना रुळांवरून एकटीने चालत येण्यापेक्षा विद्यापीठाची रात्रीची गाडी बोलवायला सांगा.

आणि ‘पोचलीस का’ याच्या आधी ‘जेवलीस का’ विचारा. लॅबमध्ये खायला बंदी असते, डबा बाहेर टेबलावर राहतो, आणि काचेतून तो दिसत असला तरी हातमोजे काढून, हात धुऊन, दोन दारं ओलांडून त्याच्यापर्यंत जायचा पोरांना कंटाळा येतो.